देव्हाऱ्याखालचा समुद्र

माझ्या दिराला वीज कळते, असं आमच्या घरात सगळे मानायचे. शर्टाच्या खिशाला पेनाशेजारी कायम टेस्टर लावलेला. घाटकोपर स्टेशनसमोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पंखे विकायचा, पण पंतनगरात त्याचा रुबाब असा की वाटावं, धरणावरची वीज याच्याच सहीने सुटते. कुणाचा फ्यूज उडाला की बायका "चंदूभाऊ, जरा बघा ना" करत दारात. मग हा टेस्टर काढणार, भुवया चढवणार, हं हं करणार आणि शेवटी फ्यूजची तार बदलणार. चंद्रप्रकाश त्याचं नाव. घरात मी धरून पाच माणसं: सासूबाई, माझा नवरा सहदेव, मी, हा चंद्रप्रकाश आणि त्याची बायको सुलक्षणा. हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्या. त्यात याला समुद्र आणून ठेवायचा होता.

गोड्या पाण्यातले मासे तेव्हा बऱ्याच घरांत असायचे. याला ते नको. ते म्हणे कोणीपण ठेवतं. याच्या दुकानात कुणीतरी बातमी आणली की अंधेरीला सात बंगल्याजवळ श्यामसुंदर म्हणून बोटीवरचे एक अधिकारी आहेत, ते कायमचे ऑस्ट्रेलियाला चाललेत आणि खाऱ्या पाण्याची आपली काचेची टाकी सगळ्या सामानासकट काढतायत. झालं. मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही चला बरोबर. बाईमाणूस असलं की समोरचा घासाघीस करत नाही." मी गेले, कारण कोणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस बरोबर हवं होतं.

श्यामसुंदर भला माणूस. सामान विकायला काढलेले लोक बहुतेक खोटं बोलतात, हे खरं बोलत होते. टाकीच्या कडांवर, वायरींवर पांढरं मीठ चढलं होतं ते त्यांनी स्वतःहून दाखवलं. म्हणाले, "हे मीठ वायरीवरून चालत चालत प्लगपर्यंत जातं. रोज पुसायचं. वायर टाकीतून बाहेर आली की आधी खाली लोंबली पाहिजे, मग वर बटणाकडे गेली पाहिजे, म्हणजे पाणी जमिनीवर ठिबकेल, बटणात जाणार नाही. हे तीन पिनांचे प्लग आहेत. तिसरी पिन अर्थिंगची. ती काढू नका. पाण्यात हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद, आणि पायात रबरी चपला. ओल्या अंगाने तर जवळसुद्धा जायचं नाही. खारं पाणी आहे, साधं नाही."

चंद्रप्रकाश हसला. खिशातला टेस्टर दोन बोटांत धरून त्यांना दाखवला आणि म्हणाला, "मला सांगताय?"

कोपऱ्यात काचेची एक जाड नळी पडली होती. श्यामसुंदर म्हणाले, "हा पाणी गरम करायचा हीटर. मी थंड देशात वापरायचो. मुंबईत काही उपयोग नाही, आणि काचेला केसाएवढी चीर गेलीय. आत खारं पाणी शिरतं. फेकून द्यायचा राहिलाय."

चंद्रप्रकाशने "हो हो, बरोबर" म्हटलं आणि त्यांची पाठ वळल्यावर हीटर पिशवीत घातला. मी बघत होते. जिन्यावर विचारलं तेव्हा म्हणाला, "इम्पोर्टेड आहे, वहिनी. वाया कशाला घालवायचं?" फुकट मिळालं की आमचा चंदू विषसुद्धा डब्यात भरून आणील.

आता टाकी ठेवायची कुठे? आमच्याकडे बाहेरच्या खोलीत प्लगाचे दोनच पॉइंट. एक टीव्हीचा. दुसरा देव्हाऱ्याखाली, देवाच्या लाल झिरोच्या बल्बसाठी. टीव्ही हलवायचा तर माझे यजमान उपाशी झोपले असते. म्हणून टाकी गेली देव्हाऱ्याखाली. आणि देवासमोर चपला घालून जायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोराला पण सांगावं लागत नाही. म्हणजे श्यामसुंदरांनी सांगितलेली एक गोष्ट पहिल्याच दिवशी बाद झाली. दुसरी संध्याकाळी बाद झाली. भिंतीतले पॉइंट दोन भोकांचे, प्लग तीन पिनांचे. चंद्रप्रकाशने पक्कड घेतली आणि तिसऱ्या पिना एकेक करून उपटल्या. मी म्हटलं, "भावोजी, त्या काढू नका म्हणाले होते ना ते?" तर म्हणे, "तिकडच्या बिल्डिंगीत चालतं ते. इथे आपली सिस्टीम वेगळी आहे."

माझे वडील वायरमन होते. जेवताना सुद्धा त्यांच्या गोष्टी कोण कुठे चिकटला आणि कोण कसा वाचला, ह्याच. त्यामुळे ती सिस्टीम मला माहीत होती.

गोराईच्या खाडीपलीकडून ड्रम भरून समुद्राचं पाणी आलं. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले इवलेसे मासे आले. हवेचा पंप, दिव्याचं झाकण आणि तो फुटका हीटर, सगळं एकाच बोर्डावर जोडलं. बटण दाबलं की पाण्यात बुडबुडे सुरू. बुडबुडे चालू म्हणजे सगळं चालू. सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी चष्मा लावून आत बघितलं आणि म्हणाल्या, "खाऊचे नाय तर हाडलंस कित्याक?" आमच्या घरात त्या टाकीबद्दल बोललं गेलेलं ते शेवटचं शहाणपणाचं वाक्य.

कारण दोन-चार सकाळींनंतर सासूबाई आंघोळ करून, ओल्या पायांनी देवपूजेला आल्या. देवाला फूल वाहिलं, आणि समुद्र आपल्या कोकणातल्या माणसाचा अन्नदाता म्हणून एक फूल टाकीत सोडलं. बोटं पाण्याला लागली आणि त्या थरथरल्या.

"शकु गो," त्या मला म्हणाल्या, "हातात झिणझिण्यो इल्यो. अंगात कायतरी संचारला. देव इलो गो. समुद्रदेव घरात इलो."

मी म्हटलं, "सासूबाई, तो करंट आहे."

"तुका काय कळता?" त्या म्हणाल्या, आणि परत हात घातला.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. चंद्रप्रकाश एकटाच टाकीपाशी उभा होता, पायात चपला घालून, देवासमोर. त्याने टेस्टरचं टोक पाण्यात बुडवलं. टेस्टरमधला दिवा लागला. त्याने बाहेर काढला, पुसला, परत बुडवला. परत लागला. मग मान वळवली तर समोर मी. टेस्टर खिशात घालत म्हणाला, "पाण्यात हा टेस्टर खोटा लागतो, वहिनी." आणि कामाला गेला. तेव्हापासून मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे.

मग तो बंद का करत नव्हता? ऐका. सासूबाईंनी शेजारच्या मालनताईंना सांगितलं. मालनताईंना सांगणं म्हणजे रेडिओवर सांगणं. सकाळी बायका यायला लागल्या, संध्याकाळी पुरुष. प्रत्येक जण पाण्यात बोट बुडवायचा आणि डोळे मोठे करायचा. आणि त्यांची ती भक्ती अशी चोख की काय सांगू. ज्याने दारातल्या नळावर पाय धुतले त्याला जोरात संचार. जो कोरड्या पायाने आला त्याला नुसत्या मुंग्या. आणि एक इन्शुरन्सवाला घाईत चपला घालून आला, तर त्याला काहीच नाही. सासूबाईंनी सगळ्यांदेखत न्याय दिला, "चपला घालून येतलो तेका देव कसो गावतलो?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे वडील असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. वायरमनच्या पोराला जे पहिल्या दिवशी शिकवतात, तेच ही माणसं सोवळं म्हणून एकमेकांना शिकवत होती.

आणि मध्यभागी आमचा चंद्रप्रकाश. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. "समुद्र चंदूभाऊंनी आणला," म्हणून लोक त्याच्या पाया पडायला वाकायचे आणि हा "अहो, नको नको" म्हणत पाय जरा पुढे करायचा. त्याच्या दुकानाचा मालक मुलुंडहून बायकोला घेऊन आला, सासूबाईंच्या पाया पडला आणि त्याला "चंद्रप्रकाशजी" म्हणाला. आयुष्यभर "ए चंदू, तो टेबलफॅन काढ" ऐकलेला माणूस. त्या 'जी'साठी तो आपली आजी पण पाण्यात बुडवून ठेवायला तयार झाला असता. एखाद्या शहाण्याने विचारलंच की करंट तर नाही ना, तर याचं उत्तर तयार, "करंट असता तर मासे नसते का मेले?" आणि लोक, हो की, म्हणायचे.

मी एकदा तिथेच म्हटलं, "माशाला पाय नसतात, भावोजी. तो जमिनीवर उभा राहत नाही." कोणी ऐकलं नाही. सुनेने देवासमोर तोंड वर करून बोलू नये, एवढं मात्र सासूबाई बोलल्या.

माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो पेपरमागून म्हणाला, "चंदूला कळतं त्यातलं. तू सांभाळून घे." आमच्या यजमानांनी आयुष्यात एवढा एकच सल्ला दिलाय, आणि तो सगळ्यांना दिलाय.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. सगळ्या पंतनगराने त्या पाण्यात बोटं बुडवून नाचावं, माझं काय गेलं. पण सुलक्षणाला सातवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती. टाकीच्या कडांवरचं मीठ रोज पुसायचं काम तिचं, आणि ते ती करायची अनवाणी, देवासमोर म्हणून. मी तिला मोरीपाशी गाठून सगळं सांगितलं. चीर सांगितली, पिना सांगितल्या, टेस्टर सांगितला. ती शांतपणे ऐकत होती. पोटावर हात ठेवून म्हणाली, "ताई, त्यांना विजेतलं सगळं कळतं. धोका असता तर ते मला हात घालू देतील का?"

तुझा नवरा घालू देईल, असं एका गरोदर बाईला तोंडावर कसं सांगायचं, ते मला जमलं नाही.

नागपंचमीला मी एक करून बघितलं. दर्शनाला माणसं जमायच्या आधी मीटरपाशी जाऊन आमचा फ्यूज काढला आणि ब्लाउजमध्ये टाकला. बुडबुडे थांबले. लोकांनी बोटं बुडवली, काही नाही. सासूबाईंचा चेहरा काळवंडला. देव रुसला. मग शोध सुरू झाला, कोणाचा विटाळ झाला? त्या वेळी मला पाळी नव्हती, पण त्यांनी ठरवलं की मी लपवतेय. मला चार दिवस बाहेरच्या गॅलरीत बसवलं. चंद्रप्रकाशने अर्ध्या तासात दुसरा फ्यूज बसवला, देव परत आला, आणि माझ्यामुळे गेला होता हे सगळ्या बिल्डिंगीत सिद्ध झालं. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. फ्यूज कोणी काढला हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण नुसती तार जळून फ्यूज उडाला असता तर निदान तार बसवायची ती चिनीमातीची मूठ तरी मीटरपाशी जागेवर असती.

गॅलरीत बसल्या बसल्याच मी पुढचं ऐकलं. सासूबाई आत मालनताईंना सांगत होत्या. नारळी पौर्णिमेला घरच्या समुद्रात नारळ सोडायचा. सोडणार सुलक्षणा. आणि साधा नाही, ओलेत्याने. डोक्यावरून आंघोळ करून, त्याच ओल्या लुगड्यात, दोन्ही हातांनी नारळ कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि मागणं मागायचं, ह्या खेपेला पोर जगू दे.

सासूबाईंचा काही दोष नव्हता, त्यांचा जीव त्या पोरात होता. पण कोरड्या पायाने मुंग्या येतात तिथे ओलं अंग, ओली जमीन आणि खाऱ्या पाण्यात दोन्ही हात म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आई आणि पोर, दोघं जागच्या जागी गेली असती.

त्या संध्याकाळी चंद्रप्रकाश कामावरून आला तेव्हा मी गॅलरीतच त्याला अडवलं. माझा विटाळ असल्यामुळे तो दोन हात लांब उभा राहिला. आता बोला.

"भावोजी," मी म्हटलं, "श्यामसुंदर काय म्हणाले होते? ओल्या अंगाने जवळ जायचं नाही. तुम्ही होतात, मी होते. ती मरेल."

"हळू बोला," तो म्हणाला.

"हीटर काढून टाका. नाहीतर आईंना खरं सांगा."

"आता कसं सांगणार, वहिनी? आमचे शेठ यायचेत त्या दिवशी. लोक काय म्हणतील?" मग जरा विचार केल्यासारखं करून म्हणाला, "मी असं करतो. ती हात घालायच्या वेळी बटण बंद करतो. कोणाला कळणार नाही."

"नक्की?"

"शपथ. माझी बायको आहे ती."

मी विश्वास ठेवला नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तशातली जात ही. पण त्या शपथेला निदान त्या दिवसापुरती किंमत असेल, असं मला वाटलं होतं.

नारळी पौर्णिमा आली. घर माणसांनी भरलं. दाराबाहेर चपलांचा ढीग. जमीन पुसून ओलीच ठेवली होती. नारळीभाताचा वास सुटला होता. शेठ आणि शेठाणी खुर्च्यांवर, बाकीचे उभे. नारळाला सोनेरी कागद लावलेला. सुलक्षणा मोरीतून बाहेर आली, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, हिरवं लुगडं अंगाला चिकटलेलं, पोट पुढे. तिने नारळ दोन्ही हातांत घेतला. थंडीने कापत होती, पण चेहरा असा भाबडा की बघवत नव्हतं.

मी टाकीकडे बघितलं. बुडबुडे चालू होते.

मी चंद्रप्रकाशकडे बघितलं. तो शेठच्या शेजारी हात जोडून उभा होता. माझी नजर गेली तशी त्याने नजर खाली केली. बटणापर्यंत चार पावलं. तो हलला नाही. बटण बंद केलं की संचार बंद, संचार बंद झाला की शेठसमोर देव रुसला, आणि ते त्याला परवडणारं नव्हतं. काही होत नाही, आतापर्यंत कुठे काय झालंय, असं त्याने स्वतःला सांगितलं असणार. दुसऱ्याच्या जिवाच्या बाबतीत माणसाला हे पटकन पटतं.

सुलक्षणाने पाऊल उचललं. मी पुढे झाले आणि बटणांच्या बोर्डाला पाठ लावून उभी राहिले.

"सासूबाई," मी मोठ्याने म्हटलं, "एक चुकतंय. गावाला किनाऱ्यावर पहिला नारळ कोण सोडतं? बाई सोडते का?"

सासूबाई थबकल्या. "नाय. पुरुष सोडता."

"मग इथे बाईने आधी कसा सोडायचा? हा समुद्र घरात कोणी आणला? भावोजींनी. पहिला मान त्यांचा. त्यांनी हात घालून देवाला सांगायचं, मग सुलक्षणाने. आणि ओलेत्याने. तिला एक नियम आणि त्यांना दुसरा, असं देव मानणार नाही."

"खरा आसा ता," सासूबाई म्हणाल्या. शेठ म्हणाले, वा, बरोबर आहे. मालनताई तर इतक्या उत्साही की पंचा घेऊनच आल्या. चंद्रप्रकाश "अरे, मी कशाला, मी कशाला" करत असताना लोकांनी त्याला मोरीत ढकललं आणि आतून डोक्यावर बादली ओतल्याचा आवाज आला.

तो बाहेर आला. अंगावर फक्त ओला पंचा. खिसा नाही, टेस्टर नाही. पायाखाली पाण्याचं थारोळं. सुलक्षणाने नारळ त्याच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. तो टाकीपर्यंत गेला. हात वर उचलले, आणि पाण्यापासून वीतभर वर ते थांबले.

सगळे वाट बघत होते. बुडबुडे येत होते, मासे फिरत होते.

"वहिनी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जरा बाजूला व्हा."

"कशाला?"

"बटण."

"देवाला बटण असतं का, भावोजी?" मी विचारलं. "आणि करंट असता तर मासे नसते का मेले? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

नारळाचा सोनेरी कागद कुरकुरत होता.

"घाल रे हात," सासूबाई म्हणाल्या. "भितंस कित्याक?"

तो मागे सरकला. एक पाऊल, दोन पावलं. आणि जन्मभर आमच्याशी शहरी मराठी बोललेला माणूस लहानपणच्या भाषेत म्हणाला, "आये, करंट आसा त्येच्यात. मरतलंय मी."

शेठाणीने पदराचं टोक तोंडाला लावलं. माझा नवरा पहिल्यांदा पेपर नसताना पेपरमागे लपल्यासारखा दिसला.

सुलक्षणा आपल्या नवऱ्याकडे बघत होती. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"तसं नाही गं. म्हणजे, थोडंसं लीकेज..."

"तुम्ही मरणार होतात. मग मी?"

त्याने हातातला नारळ खाली ठेवला. तिने रडून गोंधळ घालावा असं मला वाटत होतं, म्हणजे मला तरी तिला धरता आलं असतं. ती रडली नाही. ती म्हणाली, "माझ्या चपला आणा."

"काय?"

"माझ्या चपला. बाहेर आहेत. आणून द्या मला."

तो ओल्या पंचात तसाच माणसांतून वाट काढत दाराबाहेर गेला. चपलांच्या ढिगात वाकून शोधायला लागला. एक जोड उचलला, तिला दाखवला. ती म्हणाली, नाही. दुसरा उचलला. त्याही नाहीत. सहा वर्षं झाली होती लग्नाला आणि त्या माणसाला आपल्या बायकोच्या चपला ओळखता येत नव्हत्या. सगळी बिल्डिंग त्याच्याकडे बघत होती.

"निळ्या पट्ट्याच्या," सुलक्षणा आतून म्हणाली. "डावीचा अंगठा तुटलाय. सेफ्टी पिन लावलीय."

त्याने त्या शोधल्या. दोन्ही हातांत धरून आत आणल्या आणि देव्हाऱ्यासमोर, तिच्या पायाशी ठेवल्या. सासूबाई "अरे, देवासमोर" म्हणाल्या, पण आवाज आतल्या आत गेला. सुलक्षणाने चपला पायात घातल्या. मी बाजूला झाले. हातावरचं पाणी पदराच्या कोरड्या टोकाला पुसून तिने एकेक करून सगळी बटणं बंद केली. बुडबुडे थांबले.

लोक गेले. नारळीभात मात्र खाऊन गेले. नंतर त्यांतलेच काही सांगत फिरले की आम्हाला पहिल्यापासून संशय होता. मालनताई अजून म्हणतात की थोडासा देव होता, थोडासा करंट होता. सासूबाई आठवडाभर कोणाशी शब्द बोलल्या नाहीत, आणि मग एक दिवस त्यांनी मला मोरीशी गाठून विचारलं, "शकु, तां पोर खरांच गेला असता?" मी हो म्हटलं. त्या खाली बसल्या आणि रडल्या. त्या बाईला मी तेव्हा सगळं माफ केलं, गॅलरीतले चार दिवससुद्धा.

हीटर मी पायरीवर ठेवून वरवंट्याने फोडला. मासे कोणीतरी नेले. टाकीत आता कांदे-बटाटे असतात, माळ्यावर.

सुलक्षणाला मुलगी झाली, धडधाकट, घसा फाडून रडणारी. आणि त्या दिवसापासून सुलक्षणा घरात चपला घालून वावरते. स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्यासमोर. देवाला दिवा लावते तो चपला घालून. सासूबाई बघतात आणि काही बोलत नाहीत. चंद्रप्रकाश खिशाला टेस्टर लावत नाही आता, आणि चपलांचा तो चट्चट् आवाज जवळ आला की जेवत असला तरी त्याचा घास थांबतो. जुना जोड झिजला की नवा तोच आणून देतो. निळ्या पट्ट्याचा, बरोबर मापाचा. विचारावं लागत नाही.